साल न सोलता औषध

कर्करोगावरील टॅक्सॉल हे औषध प्रथम एका झाडाच्या सालीतून मिळाले. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या अरण्यांत अतिशय सावकाश वाढणाऱ्या यू वृक्षाच्या सालीतून वेगळ्या केलेल्या या द्रव्याची रचना मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु वाळलेल्या सुमारे दहा हजार किलो सालीतून ते जेमतेम एक किलो मिळत असल्याने आणि साल सोलली की झाड मरत असल्याने, १९९२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली तेव्हा रुग्ण वाचवावेत की अरण्य, असा पेच उभा राहिला होता.

या पेचातून निघालेली एक वाट म्हणजे पेशी संवर्धन. वनस्पतीचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार, जीवनसत्त्वे व संप्रेरके मिसळलेल्या आगरवर ठेवला की काही आठवड्यांत त्याच्या कापलेल्या कडेला पांढुरका, भुसभुशीत गोळा धरतो. ना मूळ ना पान, नुसत्या विभागत राहणाऱ्या पेशींच्या या पुंजक्याला कॅलस म्हणतात. तो द्रवात मोकळा करून हलवत ठेवला, तर त्याच पेशी बायोरिॲक्टर नावाच्या मोठ्या टाकीत वाढवता येतात. मात्र औषधी द्रव्य हे बहुधा वनस्पतीचे संरक्षणाचे साधन असते आणि टाकीत निर्धास्त वाढणाऱ्या पेशी ते फारसे बनवत नाहीत. म्हणून किडीने कुरतडलेल्या झाडात जे इशाऱ्याचे काम करते ते मिथाइल जॅस्मोनेट टाकीत घालून पेशींना हल्ल्याचा भास करून दिला जातो, आणि टॅक्सॉलचे प्रमाण कितीतरी वाढते. या पद्धतीच्या उत्पादनासाठी ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला २००४ मध्ये अमेरिकी सरकारचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

प्रत्येक वनस्पती मात्र अशी वश होत नाही. अंगणातल्या सदाफुलीतील व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध दोन घटक जुळून बनते आणि त्यांतील विंडोलिन हा घटक पानातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी मिळून घडवत असल्याने, एकसारख्या पेशींच्या संवर्धनात तो जवळपास मिळतच नाही.

महाराष्ट्राला अधिक जवळचा प्रश्न सह्याद्रीतील नरक्या या झाडाचा आहे. वॉल आणि वाणी यांनीच एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केलेले कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगरोधक द्रव्य नरक्यातही असल्याने त्याची बेसुमार तोड झाली, आणि संवर्धित पेशींतून मिळणारे प्रमाण अद्याप झाडाच्या मानाने फारच अल्प आहे. त्यामुळे वनखात्याने आणि घाटमाथ्यावरील गावांनी उरलेला नरक्या राखला पाहिजे. संवर्धनासाठी भरपूर द्रव्य देणारी पेशीसुद्धा जिवंत झाडापासूनच घ्यावी लागते.