बोर्डिंगच्या खोल्या : दहा महिन्यांचा हिशेब



उसाचे बिल हाती आले की 'कोपरगावात चार खोल्या काढू, कॉलेजची पोरं ठेवू' असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. विचार वावगा नाही. १९८३ साली सहजानंदनगरला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हापासून परगावची मुले इकडे राहायला येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेले बोर्डिंग गोरगरिबांच्या शिक्षणासाठी होते. आपले भाड्यासाठी आहे, तेव्हा आधी हिशेब.

समजा, जागा घरचीच आहे आणि २५ लाखांत आठ खोल्या झाल्या. खोलीत दोन कॉट, दर कॉटला महिना २,००० रुपये. लोक लगेच बाराने गुणतात. अहो, कारखाना तरी कुठे बारा महिने गाळप करतो? परीक्षा संपली की मुले गावी जातात. दहाच महिने धरा, ३ लाख २० हजार येतील. घरपट्टी, लाईट, मोटर, रंग, सफाई यांचे ८० हजार गेले की २ लाख ४० हजार उरतात. चार कॉट रिकाम्या राहिल्या तर १ लाख ६० हजारच. आणि सगळे पैसे दहा टक्के व्याजाने काढले असतील तर नुसते व्याज अडीच लाख! भरलेल्या खोल्यांतूनही ते भागत नाही. सबब कर्ज काढून माडी चढवण्यापेक्षा दोन खोल्या बांधून दोन वर्षे अनुभव घ्यावा, असे आम्हांस वाटते.

खोलीआधी पाणी बघा. नळाला पाणी किती दिवसांनी येते हे कोपरगावकरांनी वर्षानुवर्षे मोजले आहे. मोठी टाकी आणि बोअर नसेल तर पोरं सहा महिन्यांत दुसरीकडे जातात. जागा गोदावरीच्या पूररेषेत येते का, हे नगरपरिषदेत विचारून घ्यावे.

'ओळखीचा पोरगा आहे, कागद कशाला?' हे चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वादात भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाऊ शकते. मुलगा अठराच्या आतला असेल तर करार पालकाशी करावा. हे उत्पन्न शेतीचे नव्हे, प्राप्तिकरात दाखवावे लागते.

खानावळ मात्र पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका. मुली ठेवायच्या असतील तर घरातले बाईमाणूस तिथेच राहायला हवे. पालक भाडे विचारायच्या आधी तेच विचारतात.