गीतांना नाव हवे! संगणकावरील संगीताचे जतन कसे करावे?

गेल्या पाव शतकात आपल्या घरातील संगीताने आपला मुक्काम हलविला आहे. कपाटातील कॅसेटी आणि सीडी अडगळीत गेल्या आणि गीते संगणकात, पेनड्राइव्हमध्ये व मोबाइलमध्ये राहावयास आली. गाजलेली चित्रपटगीते किंवा नाट्यगीते हरवली, तरी इंटरनेटवर पुन्हा मिळू शकतात. परंतु आपल्या धर्मग्रामाच्या गायकवृंदाने नाताळच्या रात्री गायिलेली गीते, अथवा लग्नघरी आजीने सामवेदी वा वाडवळी बोलीत म्हटलेली गाणी यांची प्रत बहुधा एकाच घरात असते. ती गेली की कायमची गेली.

असे संगीत यंत्र बिघडल्यामुळे नष्ट होते, हे आपण जाणतो. आणखी एका मार्गाने ते नाहीसे होते, त्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. फाइल जागेवर असते, पण तिचे नाव असते 'ट्रॅक ०१' आणि ती पडलेली असते 'न्यू फोल्डर २' मध्ये. कोणी गायिले, केव्हा गायिले, पेटी कोणी वाजविली, हे सांगणारे कोणी उरले नाही, तर ते गीत असूनही नसल्यासारखेच होते. म्हणून संगणकावरील संगीत ऐकावे कसे आणि लावून ठेवावे कसे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

फाइलमध्ये काय असते?

सीडीवर ध्वनीचे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा घेतलेले असते. त्यामुळे एक मिनिटाच्या संगीताला सुमारे १० एमबी जागा लागते. एमपीथ्री या पद्धतीत मानवी कानाला सहसा जाणवत नाही असा ध्वनीचा भाग वगळला जातो. १२८ केबीपीएस या दर्जाला तेच एक मिनिट सुमारे १ एमबीमध्ये मावते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा या पद्धतीच्या जडणघडणीत मोठा वाटा होता आणि १९९५ साली तिच्या फाइलींना 'एमपीथ्री' हे नाव मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वगळलेला भाग पुन्हा भरून येत नाही. एमपीथ्रीचे रूपांतर मोठ्या फाइलीत केल्याने केवळ आकार वाढतो, दर्जा नव्हे. उलट एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केल्यास प्रत्येक वेळी काहीतरी गळत जाते. यासाठी मूळ ध्वनिमुद्रण फ्लॅक या स्वरूपात ठेवणे हितावह. २००१ साली आलेल्या या पद्धतीत फाइल बऱ्याचदा सीडीच्या निम्म्याच्या आसपास जागा घेते, मात्र ध्वनीतील काहीही वगळले जात नाही. मूळ प्रत फ्लॅकमध्ये आणि मोबाइलवर ऐकण्यासाठी तिच्यावरून केलेली एमपीथ्री, अशी विभागणी सोयीची ठरते.

प्लेअर आणि गीतांची यादी

१९९७ मधील विनॅम्प अनेकांच्या स्मरणात असेल. आज व्हीएलसी, फूबार२००० असे मोफत प्लेअर उपलब्ध आहेत. फूबारसारखे प्लेअर आपण दाखविलेल्या फोल्डरमधील फाइलींवरून एक सूची तयार करतात आणि गायक, संग्रह किंवा वर्ष यांप्रमाणे गीते मांडून दाखवितात. ही सूची ग्रंथालयातील कार्डांसारखी असते. कार्ड म्हणजे पुस्तक नव्हे. फाइल दुसरीकडे हलविली, तर कार्डावरील पत्ता चुकतो आणि गीत वाजत नाही. अशा वेळी घाबरून न जाता प्लेअरला नवा फोल्डर दाखवावा.

'प्लेलिस्ट' हीसुद्धा केवळ पत्त्यांची यादी होय. त्यामुळे एकच गीत अनेक याद्यांत घालता येते आणि त्याच्या अनेक प्रती कराव्या लागत नाहीत. गायकवृंदाच्या सरावासाठी प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसाद गीत व समारोप गीत या क्रमाने रविवारची यादी करून ठेवता येईल. यादीतून गीत काढल्याने फाइल पुसली जात नाही. मात्र 'डिस्कवरून पुसा' अशा अर्थाचा पर्याय निवडताना सावध असावे.

टॅग : गीताचा जन्मदाखला

फाइलीचे नाव कोणीही बदलू शकतो. फोल्डरमधून बाहेर काढल्यावर फोल्डरच्या नावाचाही उपयोग उरत नाही. म्हणून खरी ओळख फाइलीच्या पोटात लिहावी. तिला 'टॅग' म्हणतात. गीताचे शीर्षक, गायक, संग्रह, वर्ष, क्रमांक आणि टिपण यांसाठी त्यात स्वतंत्र जागा असते. फाइल परदेशातील नातेवाइकाकडे गेली, तरी ही माहिती तिच्याबरोबर जाते.

आपल्या दृष्टीने येथे एक अडचण आहे. १९९६ मधील मूळ टॅग अवघ्या १२८ बाइटांचा होता. शीर्षकाला केवळ ३० रोमन अक्षरांची जागा होती आणि देवनागरीची सोय नव्हती. त्यामुळे जुन्या यंत्रांवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात. पुढील आवृत्तीत ही मर्यादा दूर झाली. विंडोजसाठी मोफत मिळणाऱ्या 'एमपीथ्रीटॅग' या सॉफ्टवेअरमध्ये एमपीथ्री फाइलींसाठी 'आयडीथ्री २.३, यूटीएफ-१६' हा पर्याय ठेवल्यास देवनागरी व्यवस्थित लिहिता येते. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. छपाईच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली नावे टॅगमध्ये निरर्थक चिन्हे होऊन बसतात.

टिपणाची जागा रिकामी ठेवू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. गीत कोणत्या प्रसंगी गायिले गेले, वादक कोण होते, ते कोणत्या गावच्या बोलीत आहे, हे तेथे लिहावे. पुढील पिढीला ही माहिती अन्यत्र कोठेही मिळणार नाही.

फोल्डर आणि नावे

फोल्डरची रचना साधी असावी. 'नाताळगीते', 'प्रायश्चित्तकाळ', 'लग्नगीते', 'इतर' असे मोजके विभाग करून त्यांत वर्षवार फोल्डर ठेवावेत. गीताच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक घालावेत. नुसते १, २ लिहिल्यास काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवितात. मोटारीतील अनेक जुन्या प्लेअरना देवनागरी वाचता येत नाही. तेथे गीते वाजवायची असतील, तर फाइलीचे नाव रोमन लिपीत आणि संपूर्ण माहिती देवनागरी टॅगमध्ये ठेवणे उत्तम.

कॅसेटवरून संगणकावर

कॅसेटमधील चुंबकीय फीत काळानुसार खराब होते आणि ती वाजविणारी चांगली यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या 'लाइन-इन' मध्ये जोडावी. नव्या लॅपटॉपला ही सोय नसल्यास लाइन-इन असलेले यूएसबी साउंडकार्ड वापरावे. मुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आवाजाची पातळी दर्शविणारी पट्टी लाल टोकाला भिडू देऊ नये, कारण फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटला सीडीच्या दर्जाने सुमारे ९५० एमबी जागा लागेल. ते मुद्रण फ्लॅकमध्ये साठवून मगच गीते वेगळी करावीत. कॅसेटच्या वेष्टनाचे छायाचित्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.

प्रती आणि हक्क

हार्डडिस्क पूर्वसूचना न देताही बंद पडू शकते. संग्रहाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि आणखी एक प्रत दुसऱ्या घरी असावी. वर्षातून एकदा त्या उघडून, वाजवून पाहाव्यात.

विकत घेतलेल्या कॅसेटींवरील गीते परवानगीवाचून इंटरनेटवर टाकू नयेत. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे अबाधित असतो. त्यामागे कवी, संगीतकार आणि गायक यांचे कष्ट असतात.

हे सारे काम एका दिवसात होणारे नाही. परंतु त्यातील एक भाग संगणकावर सोपवून चालणार नाही, तो म्हणजे घरच्या माणसांचे आवाज ओळखणे. 'हा आवाज आमच्या थोरल्या काकींचा' असे सांगू शकणारी माणसे आज आपल्या घरात आहेत. येत्या सुटीत आईवडिलांना, आजीआजोबांना शेजारी बसवून पाच गीते ऐकवावीत आणि ते जे सांगतील, ते त्याच वेळी टॅगमध्ये लिहून घ्यावे. पुढच्या सुटीत आणखी पाच.