खेळण्यातली मोटार का थांबते?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, मुलांच्या रिमोटवरच्या मोटारी दुरुस्त कशा कराव्यात यावर बोलतो. चालक हसले. हसून झाल्यावर त्यांच्यातल्याच एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले की, नातवाची एक अशीच मोटार घरी कपाटावर पडून आहे, ती तेवढी पाहाल काय? पेण आणि रोहा या दोन गावांत अशी कपाटे पुष्कळ असतील असे आम्हांस वाटते, म्हणून विषय बदलला नाही.

आमचे शाळेतले शिक्षण नववीला संपले. पुढचे सारे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल खात्यात मदतनीस म्हणून राबताना झाले, आणि उरलेले रात्री जुने रेडिओ उघडून. संघटनेच्या कामाला लागल्यापासून पेण, कासू, नागोठणे, रोहा अशा फेऱ्या सुरू आहेत. पिशवीत मागणीपत्रांच्या जोडीला एक मीटर आणि सोल्डरिंगची सळी असते. तेव्हा हे पंडिताचे विवेचन नव्हे, हाताने काम करणाऱ्याचे आहे.

प्रथम ही मोटार चालते कशी ते पाहू. जुन्या आणि स्वस्त गाड्यांच्या रिमोटमध्ये स्फटिकाचा एक तुकडा असतो. त्याच्या आधाराने सेकंदाला सुमारे २ कोटी ७० लाख कंपांची, म्हणजे २७ मेगाहर्ट्झची लहर निघते. नव्या गाड्यांत हा आकडा २४० कोटी, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ असतो. परंतु नुसती लहर काय कामाची? तिच्यावर निरोप चढवावा लागतो. जुन्या गाड्यांत टीएक्स-२ आणि आरएक्स-२ ही आयसींची जोडी फार चालली. ज्यांनी कारखान्याचा भोंगा ऐकला आहे त्यांना तिची रीत चटकन कळेल. आधी चार लांब ठोके, म्हणजे 'लक्ष द्या'. मग आखूड ठोके, ते मोजायचे. १० आले तर पुढे, ४० आले तर मागे, ५८ आले तर डावीकडे, ६४ आले तर उजवीकडे. गाडीतली आयसी हे ठोके निमिषार्धात मोजते आणि त्याप्रमाणे दारे उघडते.

दारे म्हणजे ट्रान्झिस्टर. गाडी पुढे-मागे नेणाऱ्या मोटारीभोवती असे चार असतात. तिरपी एक जोडी उघडली की वीज मोटारीतून एका दिशेने वाहते आणि गाडी पुढे जाते. दुसरी तिरपी जोडी उघडली की उलट वाहते आणि गाडी मागे येते. एकाच बाजूची दोन्ही दारे चुकून एकदम उघडी राहिली, तर वीज मोटारीला वळसा घालून सरळ निघून जाते आणि सेल हाताला चटका देतात. नव्या गाड्यांत या चारांऐवजी आठ पायांची एकच आयसी असते, आणि तिच्या शेजारचे भाग तिळाएवढे. ते पाहण्यास भिंग हवे.

एवढे ध्यानात आले की गाडी आपले दुखणे आपणच सांगू लागते. समजा, गाडी पुढे जाते पण मागे येत नाही. मग सेल ठीक आहेत, मोटार ठीक आहे, लहर पोचते आहे. निम्मा तपास इथेच संपला. आता रिमोटची मागची कळ दाबून त्यावरचा दिवा पाहावा. दिवा लागत नसेल तर कळेखालचा काळा रबरी ठिपका मळला आहे, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. दिवा लागत असेल तर संशय ट्रान्झिस्टरवर. अशा गाड्यांत ८०५० आणि ८५५० या क्रमांकांचे असतात, किंमत कटिंग चहाहूनही कमी. मीटरने दोन-दोन पाय तपासावेत. चांगल्या ट्रान्झिस्टरचा मधला सांधा एका बाजूने अर्ध्या व्होल्टाहून थोडे अधिक दाखवतो आणि उलट बाजूने काहीच दाखवत नाही. दोन्ही बाजूंनी शून्य आले तर तो गेला.

इथे बहुतेक दुरुस्ती करणारे थांबतात. जळालेला काढला, नवा लावला, पैसे घेतले. आठ दिवसांनी गाडी परत येते, तोच ट्रान्झिस्टर पुन्हा जळालेला. असे का व्हावे?

मोटार फिरत असते तेव्हा ती स्वतःही उलट दिशेची थोडी वीज निर्माण करते, आणि ती सेलच्या विजेला अडवते. म्हणून फिरत्या मोटारीची भूक बेताची असते. चाक अडले की मोटार थांबते, अडवणारी वीज नाहीशी होते आणि भूक कित्येक पटींनी वाढते. मूल कळ दाबूनच धरते, कारण गाडी हलावी ही त्याची इच्छा. ती सारी वीज त्या बिचाऱ्या ट्रान्झिस्टरमधून जाते. मग चाक अडले कशाने? मागच्या आसाजवळ पाहावे. घरातल्या बायामुलींचे केस, सतरंजीचा दोरा, गोधडीचा कापूस आसाभोवती घट्ट आवळून बसलेला सापडतो. टाचणीने तो काढला नाही तर दहा ट्रान्झिस्टर घाला, दहाही जळतील.

ही गोष्ट आम्हांस एका वेगळ्याच प्रसंगी उपयोगी पडली. एका कारखान्यातला एक मदतनीस निलंबित होऊन आमच्याकडे आला. त्याच्या पाळीत पंपाची मोटार जळाली, म्हणून निष्काळजीपणाचे आरोपपत्र. निलंबनात पहिले ९० दिवस निम्मे वेतन मिळते. घरभाडे आणि दोन मुली, त्यात कसे भागणार? बोलता बोलता त्याने पिशवीतून धाकटीची बंद पडलेली गाडी काढली आणि ओशाळून म्हणाला, "दादा, जमलं तर ही पण बघा." आम्ही त्याच्यासमोरच ती उघडली. ट्रान्झिस्टर जळालेला, आणि आसाला तिचेच लांब केस. आम्ही केस काढून त्याच्या हातावर ठेवले. तो बराच वेळ त्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आमच्या पंपाचं बेअरिंग महिनाभर आवाज करत होतं." पाळीच्या नोंदवहीत त्याने तसे तीनदा लिहिलेही होते.

खातेनिहाय चौकशीत त्याचा प्रतिनिधी म्हणून आम्ही एवढेच विचारले की, बेअरिंग शेवटचे कधी बदलले, आणि मोटारीचा ओव्हरलोड रिले किती अँपियरवर लावला होता. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर येईना. मोटार अडली तर तो रिलेच वेळेवर सुटायला हवा होता. तो माणूस कामावर परत गेला. मधल्या काळाच्या उरलेल्या वेतनाचा वाद मात्र अजून चालू आहे.

आता दुसरे दुखणे. गाडी दूर गेली की अडखळते, झटके देते. अशा वेळी मोटारीच्या दोन टोकांवर सोल्डर केलेला मसुराएवढा कपॅसिटर तुटला नाही ना, ते पाहावे. त्यावर १०४ असा आकडा असतो. १० वर चार शून्ये, इतके पिकोफॅराड. मोटारीतल्या ब्रशांतून सतत ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी स्वतःच एक रेडिओलहर असते. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये दूर ठेवलेली घंटा वाजवली आणि बारूद पेटवली ती ठिणगीच्याच लहरींनी. तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्लाने लहरींवर चालणारी बोट लोकांना दाखवली. त्या काळी ठिणगी हे साधन होते, इथे ती गोंगाट आहे. कपॅसिटर तो गोंगाट गिळतो. तो तुटला तर गाडीला मालकाचा निरोप ऐकू येईनासा होतो.

आमच्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे हवा. पेणच्या खारेपाटात काय किंवा पावसाळ्यात रोह्याला कुंडलिकेच्या काठी काय, ओल आणि खार तांब्याला सोडत नाहीत. सेलच्या पट्ट्यांवर आणि स्विचच्या पोटात हिरवा गंज धरतो. चालकांपैकी त्या गृहस्थांच्या नातवाची मोटार आम्ही पाहिली, तिचे दुखणे एवढेच होते. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल तर लिंबाच्या रसाच्या बोळ्याने पुसावी, मग स्पिरिटने, आणि पूर्ण वाळू द्यावे. पावसाळ्यात गाडी ठेवून द्यायची तर आतले सेल काढून ठेवावेत. हे सांगायला आम्ही कशाला हवे, पण कोणी करत नाही.

सोल्डरिंगबद्दल थोडे. जुन्या पद्धतीच्या तारेत कथील आणि शिसे असते. धूर दिसतो तो शिशाचा नव्हे, राळेचा. तोही छातीला वाईटच, म्हणून खिडकीशी बसावे. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, आणि लहान मुलांना सळीजवळ बसवू नये. सर्वच दुरुस्त होते असेही नाही. फार स्वस्त गाड्यांत आयसी काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गाडलेली असते. ती गेली तर दुसऱ्या मोडक्या गाडीची पाटी काढून बसवणे एवढाच उपाय.

बाजारात दुरुस्ती करणाऱ्याशी लोक हुज्जत घालतात, ती आम्ही अनेकदा ऐकली आहे. "दोन रुपयांचा भाग, आणि ऐंशी रुपये?" पेणच्या लोकांना याचे उत्तर ठाऊक असायला हवे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याला, ब्रशाला रंग किती लागला ते पाहून कोणी मजुरी देत नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. खेळण्यांचे नाव त्यात वेगळे नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या मजुरीबद्दल तर कोणीच बोलत नाही.

राहिला लिथियमचा सेल. त्याच्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेले असते, पूर्ण भरल्यावर ४.२ होतात, त्यापुढे नेऊ नये. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा आणि रात्रभर लावून झोपू नये. सेल फुगला असेल तर तो टोचू नये, दाबू नये, पुन्हा भरू नये. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवावा आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे पोचवावा. ओल्या कचऱ्यात टाकला तर घंटागाडीवरच्या कामगाराच्या हातात तो पेटतो.