जगन्नाथ टेकडीच्या पोटातला विदर्भ

सांचीचा स्तूप 1818 मध्ये इंग्रजांच्या नजरेस पडला आणि भारहूतचा कठडा अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873 मध्ये उजेडात आणला. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला मात्र 1969 साल उजाडावे लागले. वैनगंगेकाठचे हे गाव काही आडरानात हरवलेले नव्हते. तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी, असे त्याचे प्राचीन रूप आजही ओळखू येते. भार वंशातला राजा भगदत्त याचा शिलालेख आणि महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ इथे सापडले होते आणि वा. वि. मिराशींसारख्या जाणकाराने ते वाचलेही होते. पवनी जुनी आहे, हे विद्वानांना कळले होते. तिच्या टेकड्यांत काय दडले आहे, हे मात्र कोणी खणून पाहिले नव्हते. माथ्यावर देऊळ, म्हणून नाव जगन्नाथ टेकडी. लोकांच्या दृष्टीने विषय तिथेच संपत होता.

1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. महानुभाव वाङ्मयाइतकेच वाकाटकांच्या ताम्रपटांतही रमणारे वि. भि. कोलते तेव्हा विद्यापीठाचे कुलगुरू होते, हाही एक चांगला योग. टेकडीच्या पोटातून विटांचा भव्य स्तूप निघाला. व्यास 40 मीटरच्या घरात, म्हणजे सांचीच्या मुख्य स्तूपाच्या 36.6 मीटरपेक्षा कमी नाहीच. आतला गाभा जुना, पुढे त्याची वाढ केलेली आणि भोवती कोरीव दगडी कठडा. कठड्यावरच्या एका शिल्पात फणा काढलेला नाग रिकाम्या आसनावर छत्र धरून आहे. शेजारी ब्राह्मीत नाव कोरले आहे, मुचलिंद नाग. ते रिकामे आसन बुद्धाचे. त्याला मनुष्यरूपात दाखवण्याची प्रथा पडण्यापूर्वीची ही कला, भारहूतच्या जातकुळीची. चांदकापूर टेकडीखालीही स्तूपच निघाला, आणि 1994 मध्ये सर्वेक्षणाने पवनीत पुन्हा खोदकाम केले.

या सगळ्याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे. महाराष्ट्राच्या बौद्ध वारशाची आपली गोष्ट भाजे-कार्ल्याच्या लेण्यांपासून सुरू होते आणि सह्याद्रीतच घुटमळते. पवनीमुळे ती अपुरी ठरते. सह्याद्रीत कातळ कोरला जात होता, साधारण त्याच सुमारास किंवा काहीसा आधी, राज्याच्या पूर्व टोकाला उघड्या मैदानात विटा-दगडांचे स्तूप बांधणारी समृद्ध नगरी नांदत होती. यावर पहिली शंका अशी येते की हे तर मध्य भारतातल्या कलेचे लांबवर आलेले टोक. कारागीर तिकडचे, विचारही तिकडचा. शिल्पांच्या शैलीपुरते हे मान्य करता येईल. पण दानलेख वेगळे बोलतात. कठड्याचे भाग निरनिराळ्या व्यक्तींनी दिले आहेत. सर्व प्राण्यांना सुख लाभो, अशी इच्छा एका दानामागे कोरलेली आहे. एका लेखात नाग नावाच्या दात्याला ‘पंचनेकायिक’ म्हटले आहे, म्हणजे बौद्ध ग्रंथांचे पाचही निकाय जाणणारा. इतक्या तयारीचा पंडित जिथे दाता म्हणून नोंदला जातो, तिथे शिकलेला संघ आणि त्याला पोसणारा समाज असणारच. शिवाय देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. भारहूतच्या कठड्यावर विदर्भातल्या भोजकटच्या भिक्षुणीचे दान नोंदलेले आहे. वैनगंगा पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते, तेव्हा आंध्रातल्या स्तूपांकडे जाणारी वाटही इथूनच निघते.

दुसरी शंका काळाची, आणि ती जास्त वजनदार आहे. गाभा मौर्यकालीन असल्याचे मत विटा, खापरे आणि थरांवर उभे आहे. अशा पुराव्यात पन्नास-शंभर वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. अशोकानेच हा स्तूप बांधला, असे छातीठोकपणे सांगणारे उत्साही लोक भेटतात. त्यांना आवरलेले बरे, कारण तसे सांगणारा एकही लेख पवनीत नाही. पण गाभ्याचा वाद बाजूला ठेवला तरी कठड्यावरच्या लेखांचे अक्षरवळण इसवी सनापूर्वीचे आहे, आणि माझ्या मुद्द्याला तेवढे पुरते.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा नसून प्रवाशांचा: तिथे पाहायला आहे काय? सांचीची तोरणे इथे नाहीत, हे खरे. पण सांचीही आजच्यासारखी सापडली नव्हती. पडझड झालेले ते अवशेष पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांच्या काळात वर्षानुवर्षे खपून सावरले गेले. पवनीच्या वाट्याला तशी चिकाटी आली नाही. रूपिअम्माचा स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. उमरेड-पवनी-करांडल्याला वाघ पाहायला आणि गोसीखुर्दला धरण पाहायला गाड्या येतात, त्या या टेकड्यांवरून पुढे निघून जातात. मूळ शिल्पे हलवणे अवघड असेल, तर निदान त्यांच्या प्रतिकृती, दानलेखांचे मराठी वाचन आणि स्तूपाचा आराखडा मांडणारे लहानसे संग्रहालय पवनीतच उभे राहिले पाहिजे. जिल्हा नियोजनातून एवढा खर्च सहज निघावा, आणि ही मागणी भंडाऱ्याच्या लोकप्रतिनिधींकडे वाचकांनीच लावून धरायला हवी.