चिनी फुलदाणीच्या तळावरील लेख कितपत प्रमाण?

जुन्या वाड्यांत दफ्तरें शोधीत असतां एखादी रंगीत झिलईची चिनी फुलदाणीही हातीं लागते. तिच्या तळावर निळीं सहा अक्षरें असतात. 'महान् मिंग वंशाच्या चेंगह्वा कारकीर्दींत केलेली' असा त्यांचा अर्थ कोणी लावून दिला, कीं मालक ती फुलदाणी साडेपांचशें वर्षांची ठरवून मोकळा होतो. केवळ या अक्षरांवर असा निर्णय करणें योग्य नव्हे.

हा माल इकडे येण्यास मार्ग पुष्कळ होते. पोर्तुगीजांनीं १५१० त गोवें घेतलें व १५५७ च्या सुमारास मकाव येथें ठाणें दिलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत मुंबईचीं जहाजें कापूस व अफू घेऊन कँटनला जात आणि परततांना चहा, रेशीम व चिनी भांडीं आणीत. कोंकणांतून वर चढणाऱ्या वाटांपैकीं फोंड्याच्या घाटाची वाट आमच्या राधानगरीवरूनच कोल्हापुरास जाते. (राधानगरी हें नांव राजर्षी शाहू छत्रपतींच्या वेळचें, त्यापूर्वींच्या कागदांत तें शोधूं नये.)

चेंगह्वाची कारकीर्द इ. स. १४६५ ते १४८७. परंतु त्याचें नांव कांग्शीच्या (१६६२–१७२२) काळींही जिंगदेझेनचे कारागीर आपल्या भांड्यांवर घालीत. आणि ग्वांगशूच्या (१८७५–१९०८) काळीं कांग्शीचें नांव घालीत. यांत सर्वत्र लबाडीच होती असें नाहीं. पुष्कळदां पूर्वकालीन कलेविषयींचा आदर होता. पोथ्यांच्या संग्राहकांस हा प्रकार नवा नाहीं. नकलकार मूळ पोथीची पुष्पिका शकासह जशीच्या तशी उतरवितो. तेव्हां आपण शकावर न विसंबतां कागद, शाई व अक्षरवळण पाहतों. तोच न्याय येथें लावावा.

येथें कागदाच्या जागीं झिलई आहे. निळा रंग कोबाल्टचा. तो झिलईच्या खालीं असतो. तांब्याची गंमत अशी कीं, भट्टींत हवा कोंडली तर तें लाल रंग देतें, मोकळी ठेवली तर हिरवा. लोखंडाचा अंश कोंडलेल्या आंचेंत फिकट हिरवी झिलई देतो. अशा भांड्यांस हिंदुस्थानांत 'घोरी' म्हणत, व विषारी अन्न पडतांच तीं तडकतात अशी समजूत होती. तिला आधार कांहीं नाहीं. गुलाबी रंग मात्र साक्षीदार म्हणून फार मोलाचा. तो सोन्यापासून काढीत, आणि चिनी भांड्यांवर तो १७२० च्या सुमारास आला. म्हणून तळावर चेंगह्वा व अंगावर हा गुलाबी रंग असेल, तर तळाची साक्ष तेथेंच खोटी पडते. तळावर रोमन लिपींत 'चायना' असें असल्यास भांडें बहुधा १८९१ नंतरचें. कारण त्या वर्षापासून अमेरिकेंत येणाऱ्या मालावर देशाचें नांव असणें कायद्यानें आवश्यक झालें.

ताडून पाहण्यास मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील सर रतन व सर दोराब टाटा यांचे संग्रह उपयोगी पडतील. तथापि फुलदाणी उत्तरकालीन ठरली म्हणून ती मोडीवाल्यास देऊं नये. एकदां ती घराबाहेर गेली कीं कोणाच्या घरीं, कोणत्या प्रसंगानें आली हें पुन्हां कळत नाहीं. त्या घराच्या दफ्तरांत जामदारखान्याची किंवा लग्नांतील अहेराची यादी असल्यास तींत 'चिनी' शब्द आधीं शोधावा, आणि सांपडल्यास त्या नोंदीची नक्कल तारखेसह फुलदाणीबरोबर ठेवावी.