नुसतं ‘छान’ म्हणू नका!

शहाद्याहून तोरणमाळकडे निघालं, की फाल्गुनात पानं गळालेला पळस केशरी फुलांनी पेटलेला दिसतो. मैत्रिणीनं त्याचा फोटो काढून दाखवला, तर तुम्ही काय म्हणाल? नुसतं ‘छान’ म्हटलं, तर ती शिकणार काय? ‘बिघडलाय’ म्हटलं, तर कदाचित पुन्हा दाखवणारच नाही! आधी आवडलेलं नेमकं सांगा : ‘पोपटाच्या चोचीसारखी पाकळी किती स्पष्ट आलीय!’ मग एकच गोष्ट सुचवा : ‘भर दुपारच्या उन्हानं रंग फिका पडलाय, सकाळच्या कोवळ्या उन्हात काढून बघू या?’ फोटोसाठी फांदी मात्र तोडायची नाही हं! आणि तुमचा फोटो? तोही तिच्यापुढे ठेवा. ऐकून घ्यायलाही शिकायला हवं ना?