सिकलसेलचा रिपोर्ट कसा वाचायचा?

वरचेवर कावीळ, अंगात रक्त कमी, हातापायांत असह्य कळा. अशा मुलाला घेऊन घरचे कधी काविळीचा झाडपाला देणाऱ्याकडे, कधी हाडांच्या डॉक्टरकडे फिरत राहतात. विदर्भात अशी लक्षणे दिसली की सिकलसेलची तपासणी आधी व्हायला हवी. आजार जनुकीय आहे, आणि जनुकीय तपासणी म्हटले की शहरातले महागडे पॅकेज डोळ्यांपुढे येते. या आजाराची पहिली चाचणी मात्र अगदी साधी आहे.

अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदलते आणि 'एस' प्रकारचे हिमोग्लोबिन तयार होते. ऑक्सिजन कमी पडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. कळा उठतात त्या यामुळे.

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. बोटातून घेतलेले थोडेसे रक्त रसायनाच्या नळीत टाकून काही मिनिटे थांबतात आणि मग नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरतात. रेषा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. पण वाहक असो की रुग्ण, नळी दोघांचीही गढूळ होते. त्यामुळे एवढ्यावरून कुणालाही आजारी ठरवू नये. सहा महिन्यांखालच्या बाळात तर ही चाचणी चुकू शकते.

खरे उत्तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस देते. काटेकोर बोलायचे तर इथेही हिमोग्लोबिनच तपासतात, पण त्यावरून आईवडिलांकडून आलेल्या जनुकांची जोडी कळते. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे रुग्ण. एचपीएलसीच्या रिपोर्टमध्ये 'एफ' प्रकारच्या हिमोग्लोबिनचा आकडाही बघावा. तो जास्त असेल तर त्रास सहसा कमी होतो. 'ए-टू' वाढलेले दिसले तर थॅलेसेमियाची शंका घ्यावी लागते. नुकतेच रक्त चढवले असेल तर ते आधी सांगा, नाहीतर आकडे फसवतात.

वाहकाला औषध लागत नाही. तो आजारी नाही, हे घरच्यांनी आणि सोयऱ्यांनीही समजून घ्यावे. रुग्णाचे मात्र सगळेच बदलते. लहान वयात पेनिसिलिन, न्यूमोकोकल लस, फॉलिक ॲसिड, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया आणि त्यासोबत नियमित रक्ततपासणी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात भरपूर पाणी हवे. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, लोह खरोखर कमी आहे का ते आधी तपासावे.

1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचे लक्ष्य आदिवासी भागांतल्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे होते. पण विदर्भात हा आजार आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. 'आमच्यात नसते' म्हणून कुणी मागे राहू नये.

नवराबायको दोघेही 'एएस' असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता 25 टक्के असते. एका मुलाला आजार झाला म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे नाही. गर्भाची डीएनए तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात करता येते, पण त्याआधी दोघांचेही रिपोर्ट हाती हवेत. म्हणून गरोदर बाईचा रिपोर्ट 'एएस' आला तर त्याच आठवड्यात नवऱ्याचेही रक्त तपासायला द्यावे.